न उमटलेला रंग आणि अभावाचे प्रामाण्य

एखादी वस्तू आहे हे सिद्ध करणे आणि ती नाही हे सिद्ध करणे, ही एकाच मोजमापाची दोन उत्तरे आहेत असे सामान्यतः गृहीत धरले जाते. भारतीय प्रमाणशास्त्राने, म्हणजे ज्ञान कोणत्या साधनांनी यथार्थ ठरते याचा विचार करणाऱ्या शास्त्राने, हे गृहीत कधीच निमूटपणे मान्य केले नाही. ‘नाही’ हे ज्ञान माणसाला नेमके कोणत्या वाटेने होते या प्रश्नावर मीमांसक, नैयायिक, बौद्ध आणि वेदान्ती यांच्यात शतकानुशतके वाद चालला, आणि त्या वादातून घडलेली सूक्ष्म परिभाषा आता पाठशाळांपुरतीच उरली आहे असा समज असला तरी, अन्न, पाणी आणि रुग्णांचे नमुने यांतील आयोडाइड जागच्या जागी ओळखू पाहणाऱ्या हायड्रोजेलच्या छोट्या संवेदकांपुढे जो प्रश्न उभा राहतो, तो त्याच परिभाषेत सर्वांत नेमकेपणाने मांडता येतो.

हायड्रोजेल म्हणजे लांब रेणूंच्या साखळ्या जागोजागी एकमेकींना जोडून तयार झालेले असे जाळे, की जे स्वतः पाण्यात विरघळत नाही, पण पाणी मात्र आपल्यात धरून ठेवते. अगारोजच्या साध्या जेलमध्ये वजनाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असते आणि तरीही त्याची चकती चिमटीत उचलता येते. प्राग येथील ओटो विख्तेर्ले आणि द्राहोस्लाव्ह लिम यांनी १९६० साली असे जाळे शरीराच्या संपर्कात वापरण्याची कल्पना मांडली आणि तिच्यातून पुढे मऊ कॉन्टॅक्ट लेन्स निघाली. संवेदकात हेच जाळे रसायनांचे कोठार म्हणून वापरले जाते. आयोडाइड, म्हणजे एक जादा इलेक्ट्रॉन घेतलेला आयोडीनचा ऋणभारित आयन, नमुन्याच्या थेंबातून हळूहळू जेलमध्ये झिरपतो. तेथे आधीच अडकवून ठेवलेला ऑक्सिडीकारक त्याचा इलेक्ट्रॉन काढून घेतो, मोकळे झालेले आयोडीन शेजारच्या स्टार्चच्या वेटोळ्यात शिरते आणि पांढुरकी चकती निळी होते. बेर्नार कुर्त्वा याने समुद्री शेवाळाच्या राखेतून १८११ साली आयोडीन शोधले आणि त्यानंतर तीनच वर्षांनी स्टार्चचा हा निळा रंग नोंदला गेला. म्हणजे मूळ अभिक्रिया दोनशे वर्षांची जुनी आहे. नवे आहे ते एवढेच, की काचसामान, बाटल्या आणि प्रशिक्षित हात यांच्याऐवजी बोटाच्या पेराएवढी चकती आणि तिचा रंग वाचणारा मोबाइलचा कॅमेरा पुरेसा ठरू शकतो. चांदीच्या सूक्ष्मकणांचा पिवळा रंग आयोडाइडने फिका पडतो, किंवा चमकणाऱ्या कार्बनकणांची चमक त्याच्यामुळे विझते, अशा अन्य योजनाही याच जाळ्यात बसवल्या जातात.

चकती निळी झाली तर तत्त्वज्ञाला फारसे काम उरत नाही. रंग हा हेतू, आयोडाइड हे साध्य आणि या दोहोंची व्याप्ती, म्हणजे अव्यभिचारी साहचर्य, प्रयोगशाळेत आधीच तपासलेले. धुरावरून अग्नीचे जे अनुमान न्यायाच्या प्रत्येक प्राथमिक ग्रंथात दिले जाते त्याच जातीचे हे अनुमान आहे. अडचण येते ती चकती पांढरीच राहते तेव्हा. पांढरी चकती पाहणाऱ्याच्या मनात ‘येथे आयोडाइड दिसले नाही’ आणि ‘येथे आयोडाइड नाही’ ही दोन वाक्ये इतक्या सहजपणे एकमेकांत मिसळतात, की त्यांच्यामध्ये एक संपूर्ण प्रमाण बसते आहे याचे भानही राहत नाही.

कुमारिल भट्टांनी सातव्या शतकात आपल्या श्लोकवार्तिकात अभावासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले ते याच जागी बोट ठेवण्यासाठी. भूतलावर घट नाही हे ज्ञान डोळ्यांनी होत नाही, कारण डोळ्याचा संयोग भूतलाशी होतो, घटाच्या नसण्याशी नाही. ते अनुमानानेही होत नाही, कारण त्यासाठी लागणारी व्याप्ती शिकताना अभावाचे ज्ञान आधीच हाताशी असावे लागते. म्हणून प्रत्यक्षादी पाच प्रमाणे जेथे प्रवृत्त होत नाहीत तेथे अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हेच सहावे प्रमाण मानावे असे भाट्ट मीमांसकांचे मत पडले आणि अद्वैत वेदान्त्यांनी ते उचलले. नैयायिकांनी अभावाला खरा पदार्थ मानले, पण त्याचे ज्ञान इंद्रियांकडेच सोपवले आणि अनुपलब्धीला केवळ साहाय्यकाचे स्थान दिले. मीमांसकांपैकीच प्रभाकराचे अनुयायी तर अभाव नावाचे काही आहे हेच मानायला तयार नव्हते; त्यांच्या मते रिकाम्या भूतलाचे ज्ञान हेच काय ते ज्ञान, बाकी सारा भाषेचा व्यवहार. (अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहाची यशवंत वासुदेव आठल्ये यांनी सिद्ध केलेली आणि महादेव राजाराम बोडस यांच्या प्रस्तावनेसह १८९७ साली मुंबईत निघालेली आवृत्ती ज्या वाचकाने चाळली असेल, त्याला हा तंटा किती बारकाईने लढला गेला याची कल्पना असेल.)

या पक्षांत मतभेद कितीही असले तरी एका अटीवर त्यांच्यात आश्चर्यकारक एकमत आहे. नुसते न दिसणे अभाव सिद्ध करीत नाही. जे असते तर दिसलेच असते त्याचे न दिसणे तो सिद्ध करते. वेदान्ती आणि मीमांसक याला योग्यानुपलब्धी म्हणतात, म्हणजे ज्या ठिकाणी दिसण्याची सर्व सामग्री हजर असूनही वस्तू आढळत नाही असे न आढळणे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही यावरून घट नाही असे ठरत नाही, कारण प्रकाश ही सामग्रीच तेथे कमी आहे. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी ही अट सर्वांत कडकपणे लावली. दिसण्याजोग्या वस्तूची अनुपलब्धी निश्चय देते, परंतु देशाने, काळाने किंवा स्वभावाने दृष्टीपलीकडे असलेल्या वस्तूची अनुपलब्धी केवळ संशय देते. पिशाच दिसत नाही म्हणून ते नाही असे म्हणण्याचा अधिकार त्यांनी तर्कनिष्ठालाही दिला नाही, कारण पिशाच असते तरी ते दिसलेच असते असे कोणी म्हणत नाही. एका तार्किकाने ‘नाही’ या शब्दाची किंमत इतकी चढी ठेवावी, हा त्या परंपरेतील प्रामाणिकपणाचा एक उत्तम नमुना मानावा लागेल.

ही अट संवेदकाला लावताना पहिला प्रश्न येतो तो, नक्की कशाचा अभाव, हा. ज्याचा अभाव सांगितला जातो त्याला न्यायशास्त्रात प्रतियोगी म्हणतात, आणि नव्यन्यायाने, गंगेशोपाध्यायांपासून पुढे, तेवढ्यावर न थांबता तो प्रतियोगी कोणत्या धर्माने मर्यादित झालेला आहे हेही सांगितले पाहिजे असा आग्रह धरला. या मर्यादा घालणाऱ्या धर्माला प्रतियोगितावच्छेदक असे भारदस्त नाव आहे. खोलीत निळा घट नाही याचा अर्थ घट नाही असा होत नाही. हा भेद पांडित्याचा अतिरेक वाटत असेल तर भारतीय स्वयंपाकघरातील मिठाची पुडी त्याच्या उपयोगाची साक्ष देईल. भारतात मिठात मिसळले जाते ते पोटॅशियम आयोडेट; त्यात आयोडीनचा अणू तीन ऑक्सिजन अणूंशी बांधलेला असतो, आणि उष्ण व दमट हवेत ते आयोडाइडपेक्षा अधिक टिकते म्हणून त्याची निवड झालेली आहे. केवळ आयोडाइड ओळखणाऱ्या चकतीवर असे उत्तम आयोडीनयुक्त मीठ विरघळवून टाकले, तर चकती पांढरीच राहील. तिचे म्हणणे खरेच असेल, कारण आयोडाइडत्वाने मर्यादित अभाव तेथे आहेच. खोटे असेल ते वाचणाऱ्याने त्यावरून काढलेले आयोडीनत्वाच्या अभावाचे अनुमान. आयोडेटचे आधी आयोडाइडमध्ये रूपांतर करून घेतले तरच चकतीचे मौन मिठाबद्दल काही बोलू लागते. याच्या उलट, भारतात मीठ तपासण्यासाठी वापरला जाणारा थेंबांचा संच आयोडेटसाठी बनवलेला असतो. त्याच्या द्रावणात आम्ल, स्टार्च आणि आयोडाइड आधीच असते, आयोडेट मिळाले की या आयोडाइडशी त्याची अभिक्रिया होऊन आयोडीन मोकळे होते आणि मिठाचा ढीग निळाजांभळा होतो, पण ज्या देशांत मिठात पोटॅशियम आयोडाइडच मिसळतात तेथील मिठापुढे हा संच गप्प बसतो. दोन्ही साधने प्रामाणिक आणि दोन्ही परस्परांच्या विषयात आंधळी.

योग्यतेची दुसरी कसोटी मात्रेची आहे. रसायनशास्त्रात जिला ओळखमर्यादा म्हणतात, म्हणजे जिच्याखाली पदार्थ असला तरी साधन तो खात्रीने सांगू शकत नाही अशी सीमा, ती ठरवण्यासाठी आयोडाइड मुळीच नसलेला कोरा नमुना पुन्हा पुन्हा मोजतात. तेव्हाही प्रत्येक वाचन थोडे वेगळे येते, आणि त्या चढउताराच्या सुमारे तिप्पट अंतरावर रेघ ओढण्याची रूढी आहे. लॉइड करी या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने १९६८ साली या रूढीतला एक गोंधळ उघड केला. निर्णयाची रेघ आणि ओळखीची खात्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नमुन्यातील पदार्थ नेमका रेघेइतकाच असेल तर साधन त्याला जवळजवळ निम्म्या वेळा नाकारील. रेघ खोटा होकार टाळण्यासाठी ओढलेली असते आणि खोटा नकार टाळायचा तर त्याहून वरची दुसरी मर्यादा लागते. धर्मकीर्तींच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या रेघेखालची वस्तू दृश्यही नाही आणि अदृश्यही नाही. तिच्याबाबत चकतीचे मौन संशयापलीकडे काही देत नाही.

तिसरी कसोटी सामग्रीची, आणि खरी गुंतागुंत येथे आहे. मिठाच्या वजनात क्लोराइड सुमारे ६० टक्के असते, तर ग्राहकाच्या हाती पोचणाऱ्या मिठात आयोडीन दशलक्ष भागांत १५ भाग असले तरी ते नियमात बसते. म्हणजे आयोडीनच्या एका भागाभोवती क्लोराइडच्या चाळीस हजार भागांची गर्दी. चांदीला क्लोराइडपेक्षा आयोडाइडची ओढ फार अधिक, हे खरे, पण इतक्या गर्दीत ती ओढ कितपत पुरते हे प्रत्येक जेलबाबत स्वतंत्रपणे पाहावे लागते. मूत्राच्या नमुन्यात वेगळाच अडथळा. क जीवनसत्त्व मूत्रातून बाहेर पडते आणि ते मोकळ्या झालेल्या आयोडीनला इलेक्ट्रॉन परत देऊन पुन्हा आयोडाइड बनवते; आयोडाइड तेथे आहे, चकतीतला ऑक्सिडीकारक काम करतो आहे, आयोडीन बनतेही आहे, पण स्टार्चपर्यंत पोचण्याआधीच ते मिटवले जाते. न्यायशास्त्रात अशा अडथळ्याला प्रतिबंधक म्हणतात आणि प्रतिबंधक नसणे हा कारणसामग्रीचाच भाग मानतात. प्रयोगशाळेत या प्रतिबंधकांना आधी अमोनियम परसल्फेटसारख्या द्रव्याने जाळून टाकतात आणि मगच सॅन्डेल व कोल्टॉफ यांची १९३० च्या दशकातली पद्धत वापरतात, जिच्यात आयोडाइड एका पिवळ्या सेरियम क्षाराचा रंग घालवण्याचा वेग वाढवते. खिशात मावणाऱ्या साधनाला ही पूर्वतयारी करता येत नसेल, तर ते प्रयोगशाळेतून बाहेर आले तरी त्याची योग्यता प्रयोगशाळेतच राहिली असे म्हणावे लागेल.

येथे रसायनतज्ज्ञांचा एक नित्याचा संस्कार प्रमाणशास्त्राच्या दृष्टीने विलक्षण अर्थपूर्ण ठरतो. नमुन्यात काही आढळले नाही तर त्याच नमुन्याच्या दुसऱ्या भागात माहीत असलेल्या प्रमाणात आयोडाइड मुद्दाम मिसळतात आणि ते परत किती सापडते हे पाहतात. जवळजवळ सगळे सापडले तर पहिला नकार विश्वसनीय, न सापडले तर तो नकार कोणत्या तरी प्रतिबंधकाचा. सतराव्या शतकातील धर्मराजाध्वरीन्द्रांच्या वेदान्तपरिभाषेत योग्यतेचे जे विवरण आहे त्याचा गाभा असा, की प्रतियोगी येथे आहे असे तर्काने कल्पून पाहावे आणि मग तो असता तर उपलब्ध झाला असता असा प्रसंग, म्हणजे अटळ परिणाम, उभा राहतो की नाही ते तपासावे. वेदान्त्याने ही कल्पना मनात केली, रसायनतज्ज्ञ ती परीक्षानळीत करतो. प्रतियोगीचा आरोप तर्कात न ठेवता तो खरोखरच आणून भूतलावर ठेवतो आणि भूतल त्याला दाखवते का हे पाहतो. ज्ञात भर घालण्याच्या या चाचणीत योग्यानुपलब्धीची अट जितकी शब्दशः पाळली जाते तितकी अन्यत्र क्वचितच पाळली जात असेल. मात्र तिचीही एक सीमा आहे: आयोडेटयुक्त मिठाच्या द्रावणात आयोडाइडची भर घातली तर ती पूर्ण परत मिळेल आणि तरीही आयोडेट निसटलेलेच राहील, म्हणून अवच्छेदकाचा प्रश्न आधी सोडवल्याखेरीज योग्यतेची चाचणीही फसवू शकते.

ज्या जेलमध्ये आयोडाइड चमक विझवते तेथे हा सारा हिशेब उलटा होतो. तेथे अभाव दिसतो तो प्रकाशाचा आणि त्यावरून भाव सिद्ध करायचा असतो तो आयोडाइडचा. दिवा क्षीण असणे, कण जुने होऊन निस्तेज होणे, नमुना गढूळ असणे, यांतील कोणतीही गोष्ट खोटा होकार निर्माण करते. अशा साधनात नकाराला बळकटी येते, कारण चमकणारे जेल निदान स्वतःचे कण जिवंत असल्याची ग्वाही देते. दौर्बल्य होकाराकडे सरकते. साधन कोणते निवडावे याचे उत्तर म्हणूनच कोणती चूक अधिक घातक यावर अवलंबून राहते, आणि आयोडीनच्या बाबतीत ते उत्तर शोधताना प्रमाणशास्त्राकडून धर्मशास्त्राकडे वळावे लागते.

आयोडीनच्या कमतरतेने होणारे विकार हे अभावाचे विकार म्हणवले जातात. सुश्रुताने गलगंडाचे वर्णन केले आहे, पण त्याच्यामागे एखाद्या द्रव्याचे नसणे आहे हे कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. यावर आक्षेप असा, की नसणे हे कशाचे कारण होऊच कसे शकते? हाच आक्षेप आचार्य शंकरांनी नित्यकर्माच्या संदर्भात घेतला होता. संध्यावंदनासारखी नित्यकर्मे न केल्याने प्रत्यवाय, म्हणजे पाप, लागते असे कर्मवादी म्हणत. त्यावर शंकराचार्यांचे गीताभाष्यातील उत्तर असे, की न करणे हा अभाव आहे आणि अभावापासून पापासारखी भावरूप वस्तू उत्पन्न होत नाही. तैत्तिरीय भाष्यात ते याही पुढे जाऊन न करण्याला पूर्वीच्या पापाचे लक्षण, म्हणजे खूण, मानतात. गलगंडात फुगणाऱ्या अवटु, म्हणजे थायरॉइड, ग्रंथीच्या बाबतीत ही भूमिका अर्धी पटते. आयोडीन नाही म्हणून ग्रंथी फुगत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एक भावरूप संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते आणि त्याच्या रेट्याने अवटु ग्रंथी वाढते. परंतु पीयूषिका तसे का करते असे विचारले तर उत्तर पुन्हा अभावाकडेच नेते, कारण थायरॉक्सिन हे त्या संप्रेरकाला आवर घालणारे द्रव्य, आयोडीनविना ते पुरेसे बनत नाही आणि आवर सुटतो. प्रतिबंधकाचा अभाव हे कारण आहे हा नैयायिकांचा सिद्धान्त येथे शंकराचार्यांच्या सिद्धान्तापेक्षा अधिक जुळतो, असे म्हणण्यास हरकत नसावी. गर्भावस्थेत तर याचा परिणाम बाळाच्या मेंदूच्या घडणीवर होतो आणि तो नंतर भरून काढता येत नाही. खोट्या होकारामुळे आई निश्चिंत राहिली तर त्याची किंमत खोट्या नकाराने झालेल्या व्यर्थ काळजीहून फार मोठी असते.

अभाव कारण आहे हे भारतात दाखवले गेले ते हिमाचलातील कांगडा खोऱ्यात. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून खोऱ्याचे तीन विभाग करून एकाला पोटॅशियम आयोडाइडचे, एकाला आयोडेटचे आणि मधल्याला साधे मीठ पुरवले. सहा वर्षांत पहिल्या दोन विभागांतील गलगंड स्पष्टपणे घटला, मधल्यात घटला नाही. त्यानंतर मधल्या विभागालाही आयोडीन मिळू लागले आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. हा अन्वयव्यतिरेकाचा, म्हणजे असता असणे आणि नसता नसणे यांच्या जोडपडताळ्याचा, आदर्श प्रयोग होता. मधल्या विभागातील माणसांच्या वाट्याला मात्र सहा वर्षे व्यतिरेक आला, आणि एका समूहाचे वंचित राहणे हे सर्वांच्या ज्ञानाचे साधन होणे धर्म्य आहे का, हा प्रश्न त्या यशाने पुसला जात नाही.

यानंतर उरतो तो अधिकरणाचा, म्हणजे अभाव कोठे आहे असे म्हणायचे त्या आश्रयाचा प्रश्न. चकतीत रंग नाही यावरून थेंबात आयोडाइड नाही, थेंबावरून नमुन्यात नाही, नमुन्यावरून व्यक्तीच्या शरीरात नाही, अशा पायऱ्या चढताना प्रत्येक पायरीवर एक नवे अनुमान लागते आणि शेवटची पायरी सर्वांत निसरडी आहे. खाल्लेल्या आयोडीनपैकी ९० टक्क्यांहून अधिक मूत्रावाटे बाहेर पडते म्हणून मूत्र हा चांगला साक्षीदार ठरतो, पण एकाच माणसाच्या मूत्रातील प्रमाण दिवसागणिक बदलते. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष व्यक्तीसाठी नसून समूहाच्या मध्यकासाठी, म्हणजे निम्मी वाचने ज्याच्या खाली आणि निम्मी ज्याच्या वर पडतात त्या आकड्यासाठी आहेत. लिटरमागे १०० ते १९९ मायक्रोग्रॅम हा मध्यक पुरेसा, गरोदर स्त्रियांत १५० ते २४९. एका स्त्रीचे एका सकाळचे वाचन ८० आले, तर त्यावरून तिच्या शरीराबद्दल जवळजवळ काहीच निश्चित होत नाही, आणि १८० आले तरी नाही. घरोघरी पोचणारा संवेदक ज्या अधिकरणाबद्दल बोलण्याचे आश्वासन देतो त्याबद्दल बोलण्याची योग्यता येथे रसायनालाच नाही. तेथे साधन कितीही सूक्ष्म झाले तरी उणीव भरून निघत नाही.

मिठाची गोष्ट त्या मानाने सरळ आहे, आणि तेथेच धार्मिक आचाराशी गाठ पडते. महाराष्ट्रात एकादशी किंवा महाशिवरात्रीच्या उपवासाला नेहमीचे मीठ वगळून सैंधव वापरण्याची रीत आहे. सैंधव सामान्यतः आयोडीन न मिसळता विकले जाते. महिन्यातून दोनचार दिवस असे मीठ खाल्ल्याने काही बिघडत नाही, कारण निरोगी अवटु ग्रंथीत कित्येक आठवडे पुरेल इतका साठा असतो. प्रश्न येतो तो उपवासाचे मीठ शुद्ध म्हणून रोजच्या ताटात आले की. समुद्राचे मीठ म्हणजे आयोडीन असणारच, हा उरण–पेणच्या मिठागरांच्या आसपासही ऐकू येणारा तर्क हेत्वाभासाचा, म्हणजे हेतूसारख्या भासणाऱ्या पण हेतू नसलेल्या कारणाचा, सुबक नमुना आहे: एक लिटर समुद्रपाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार आणि ५० ते ६० मायक्रोग्रॅम आयोडीन असते, म्हणून ते सगळे मिठात उतरले तरी दशलक्ष भागांत दोन भागही होत नाहीत.

आयोडीन नसलेल्या खाण्याच्या मिठाच्या विक्रीवर असलेली बंदी केंद्र सरकारने २००० साली उठवली ती निवडीच्या स्वातंत्र्याचा मुद्दा पुढे करून. २००६ पासून ती पुन्हा आली, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने संबंधित नियम त्या वेळच्या कायद्याच्या अधिकारकक्षेबाहेरचा ठरवतानाच सहा महिने तो चालू ठेवण्याची मुभा दिली. हाती संवेदक आला की माणूस स्वतः पाहून स्वतः ठरवील आणि सक्तीची गरज उरणार नाही, असा युक्तिवाद या संदर्भात आकर्षक वाटतो. परंतु निवडीसाठी जे ज्ञान लागते ते पडताळायचे कसे? ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि बाधक पुढे येईपर्यंत ते मानावे असे मीमांसक म्हणतात, तर नैयायिकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून, त्यावर विसंबून केलेली कृती सफल झाली म्हणजे कळते. पाणी समजून गेलेल्याची तहान भागली की ज्ञान खरे. आयोडीनच्या बाबतीत ग्राहकाला ना बाधक भेटतो ना सफलता. दोन्ही मिठांची चव सारखीच, आणि उणिवेचा परिणाम दिसतो तो काही वर्षांनी, बहुधा दुसऱ्याच कोणाच्या, म्हणजे त्याच्या अपत्याच्या शरीरात. ज्याच्या चुकीचा अनुभव ती चूक करणाऱ्यालाच येत नाही अशा ज्ञानावर व्यक्तीची निवड सोपवणे हे स्वातंत्र्य कमी आणि जबाबदारी झटकणे अधिक आहे.

अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण मानावे की प्रत्यक्षातच घालावे, हा वाद निष्फळ आहे असे आधुनिक अभ्यासकांपैकी काहींना वाटते. साधन घडवणाऱ्याच्या दृष्टीने तो निष्फळ नाही. अभाव इंद्रियालाच दिसतो असे नैयायिकांप्रमाणे मानले तर होकार पडताळण्यासाठी जी कसोटी तीच नकारालाही चालेल. कुमारिलांप्रमाणे तो वेगळ्या प्रमाणाचा विषय मानला तर नकाराची स्वतंत्र कसोटी साधनातच बसवावी लागेल, आणि संवेदकांच्या बाबतीत दुसरी बाजू स्वीकारण्याजोगी दिसते. नव्या जेलांच्या वर्णनात ओळखमर्यादा किती खाली आणली यावर जेवढा भर असतो तेवढा या दुसऱ्या कसोटीवर नसतो. भारतातील मीठतपासणीच्या साध्या संचाने ती केव्हाच पत्करली आहे. गलगंडप्रवण जिल्ह्यांत आशा कार्यकर्ती महिन्याला ५० घरांतील मीठ ज्या संचाने तपासते त्यात परीक्षाद्रावणाखेरीज आणखी एक छोटी कुपी असते, आणि तिच्यावर पुनर्तपासणीचे द्रावण असे लिहिलेले असते. काही मीठ अल्कधर्मी असते, ते परीक्षाद्रावणातील आम्ल खाऊन टाकते आणि आयोडेट भरपूर असूनही रंग उमटत नाही. म्हणून मीठ निळे झाले तर ती कुपी उघडायची नसते. पांढरेच राहिले तरच त्याच मिठाची नवी चिमूट घ्यायची, तिच्यावर आधी या कुपीतले आम्लाचे थेंब टाकायचे, मग पुन्हा परीक्षाद्रावण, आणि त्यानंतरही ढीग पांढरा राहिला तरच वहीत शून्य लिहायचे.